सही कुणाच्या नावे?

‘एम्प्टी मॅन्शन्स’ म्हणजे रिकाम्या हवेल्या. बिल डेडमन हा पत्रकार आणि पॉल क्लार्क न्यूएल हा त्या घराण्यातलाच एक नातेवाईक, या दोघांचं हे २०१३ सालचं पुस्तक. नायिका ह्युगेट क्लार्क. १९०६ साली पॅरिसला जन्मली, २०११ साली न्यूयॉर्कच्या दवाखान्यात वारली. वय १०४. मागे राहिले सुमारे ३० कोटी डॉलर. कॅलिफोर्नियात समुद्रकाठी हवेली, कनेक्टिकटमध्ये दुसरी, न्यूयॉर्कमध्ये ४२ खोल्यांची जागा. सगळीकडे देखभाल चालू, आणि मालकीण शेवटची वीस वर्षं दवाखान्यातल्या एका खोलीत! कॅन्सरच्या उपचारासाठी गेली, बरी झाली, आणि घरी परतलीच नाही.

बाप विल्यम क्लार्क माँटानातला तांब्याचा राजा. सिनेटवर जायला आमदार विकत घेतल्याचं प्रकरण अंगाशी आलं, १९०० साली राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी पुन्हा निवडून आला. न्यूयॉर्कला १२१ खोल्यांचा वाडा बांधला. तो १९२५ला गेला आणि दोन वर्षांत वाडाही पाडला गेला. खोल्या मोजताना लेखक रमून जातात. खाणीत उतरणाऱ्या माणसावर त्या मानाने फार थोडं लिहितात. ही पुस्तकातली पहिली उणीव.

दुसरी माझ्या दृष्टीने मोठी. ही बाई अशी का राहिली, हे कोडं पुस्तकभर आपल्यापुढे धरलेलं आहे. आता बघा, आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. उस्मान अली खान १९३७ साली ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आला, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून. अंगावर जुने कपडे, टेबलावर पेपरवेट म्हणून जेकब हिरा. त्याचे किस्से आपण हसत हसत सांगतो. त्याचं डोकं ठिकाणावर होतं का, असं कुणी विचारत नाही. बाई बाहुल्या जमवते, जपानी कारागिरांकडून इंचाइंचाच्या मापाने लाकडी वाडे करवून घेते, म्हटलं की लगेच शंका!

२००५ साली, ९८व्या वर्षी, तिने सहा आठवड्यांत दोन मृत्युपत्रं केली. पहिल्याप्रमाणे बहुतेक सगळं नातेवाइकांना, दुसऱ्यात त्यांना काहीच नाही. नातेवाईक म्हणजे सावत्र भावंडांची नातवंडं-पतवंडं. बहुतेकांनी तिला डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. नर्स मात्र वर्षानुवर्षं, आठवड्याचे सातही दिवस, बारा-बारा तास तिच्याजवळ होती. तिला हयातीतच सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरच्या देणग्या मिळाल्या. संशयाला जागा आहे, नाही कशी? दुसऱ्या मृत्युपत्रात वकिलाला नि हिशेबनिसालाही वाटा होता. पण एप्रिलमधली सही तपासायची, तर मार्चमधली का नको? बाई तीच, वय तेच.

त्याच २००५ साली आपल्याकडे कायदा दुरुस्त झाला, मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा मिळाला. आणि मग हक्कसोडपत्रं सुरू झाली. गंगाखेडला जा, नाहीतर परभणीला; बहीण येते, भावाच्या नावे सही करून, साडी घेऊन परत जाते. तिला समजून सांगितलं का, तिच्यावर दबाव होता का, कुणी विचारतं? ‘मोठ्या मनाची आहे’ म्हणतात. तीच बाई उद्या म्हातारपणी शेजारणीच्या नावे अर्धा एकर करू म्हणाली, की भाऊबंद डॉक्टरचा दाखला मागतील. आपण बाईच्या बुद्धीची परीक्षा घेतो ती जमीन कुणीकडे चालली ते बघून. या पुस्तकातला खटला मला याच कारणासाठी आपला वाटला.

२०१३ साली तडजोड झाली. नातेवाइकांना ३ कोटी ४५ लाख डॉलर, नर्सने उलट ५० लाख परत करायचे, कॅलिफोर्नियाची हवेली कलासंस्थेला.

पुस्तकातला सर्वांत चांगला भाग म्हणजे न्यूएलने टिपून ठेवलेली फोनवरची बोलणी. तिथे ती शहाणी, सभ्य, थोडी खट्याळ वाटते. फोन तीच करी. आपला नंबर तिने त्याला कधी दिला नाही.