भिंतीपलीकडची मुले

नागपूर-वर्धा रस्त्यावरील आमच्या केळझरास नागपूर काही लांब नाही. तेथील बोलीही आमच्या कानांस परकी नाही. मात्र ती बोलणारे माणूस पडद्यावर आले की ते बहुधा हसविण्यापुरतेच येते, असा आमचा अनुभव. त्यामुळे २०२२ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झालेला श्री. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट आम्ही काहीशा धास्तीनेच पाहावयास गेलो.

कथेस आधार खरा आहे. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांस नागपुरात झोपडपट्टीतील मुले पावसात फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडताना दिसली, आणि त्यातून त्यांनी त्या मुलांसाठी फुटबॉलची चळवळ उभारली. चित्रपटात ते विजय बोराडे होतात आणि ती भूमिका श्री. अमिताभ बच्चन करितात. एका बाजूस कॉलेज, दुसऱ्या बाजूस वस्ती, मध्ये भिंत. कॉलेजच्या संघाशी वस्तीच्या मुलांचा सामना होतो. दुसरा एखादा दिग्दर्शक तेथेच टाळ्या घेऊन मोकळा झाला असता.

मंजुळे थांबत नाहीत. परदेशी खेळावयास जाणाऱ्यास पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टास आपण कोण याचा कागद हवा! रिंकू राजगुरू यांनी उभी केलेली आदिवासी मुलगी मोनिका बापासह त्या कागदासाठी वणवण करिते, तो भाग कित्येकांस लांबलेला वाटला. आम्हांस तो चित्रपटाचा गाभाच वाटतो. संघात निरनिराळ्या जातिधर्मांचे चेहरे मोजून बसविणे सोपे. त्यांपैकी प्रत्येकास आपले असणे सिद्ध करावयास किती चालावे लागते, हे दाखविणे कठीण.

डॉ. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचा प्रसंगही असाच. ज्या नागपुरात १९५६ साली धर्मांतर झाले, तेथील वस्तीची कथा सांगताना ती तसबीर गाळणे हेच खोटेपणाचे झाले असते. तरी मोठ्या नटाच्या हिंदी चित्रपटात ती इतक्या सहजपणे क्वचितच दिसते.

आमचा आक्षेप निराळा आहे. बोराडे सरांच्या घरी मुले एकेक करून आपली हकिगत सांगतात आणि सर केवळ ऐकतात, तेव्हा चित्रपट आपल्या शिखरावर असतो. पुढे न्यायालयात तेच सर मुलांच्या वतीने दीर्घ भाषण करितात. भाषण उत्तम आहे, पण ज्यांस नुकताच कंठ फुटला ती मुले पुन्हा अशील होऊन मागे बसतात. अंकुश गेडाम याचा 'डॉन' नुसता उभा राहिला तरी जे सांगून जातो, त्यावर दिग्दर्शकाने अधिक भिस्त ठेवावयास हवी होती. नामांकित नटाच्या नावाविना एवढा खर्च कोणी केला नसता, हेही आम्ही जाणतो.

आमच्यासमवेत आलेले एक वडीलधारे गृहस्थ, "ही भाषा घरच्या मुलांच्या कानी पडू नये," असे म्हणून मध्येच उठून गेले. घरी गड्यावर रागावतात तेव्हा ते याच भाषेत बोलतात. आम्ही मुलांसह अखेरपर्यंत बसलो. परतीच्या वाटेवर धाकट्याने विचारले, भिंत कोणी बांधली, कॉलेजने की वस्तीने? आम्ही कॉलेजात शिकलेले. उत्तर ठाऊक होते, पण देण्यास केळझर येईपर्यंत वेळ लागला.