मजुरी, कर्ज, मानधन, निधी : स्त्रियांच्या अर्थविषयक धोरणाच्या मराठीचे परीक्षण

राज्यकारभाराची भाषा केवळ निर्णय कळवीत नाही. निर्णयाचा आशयही ती काही अंशी घडवीत असते. एखाद्या रकमेला काय म्हणावयाचे, ती घेणाऱ्या व्यक्तीचा निर्देश कोणत्या नामाने करावयाचा आणि वाक्यात तिला कोणत्या विभक्तीत बसवावयाचे, हे प्रश्न वरवर पाहता शैलीचे वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरांवर पुष्कळदा हक्काचे असणे-नसणे अवलंबून असते. महाराष्ट्रात स्त्रियांच्या आर्थिक उन्नतीसाठी गेल्या पन्नास वर्षांत शासनाने बरेच काही केले. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, १९९४ साली राज्याचे पहिले महिला धोरण आले आणि २०२४ साली चौथे. या सर्व उद्योगाची मोजदाद रुपयांत आणि लाभार्थींच्या संख्येत केली जाते. त्याच्या मराठीकडे मात्र एक वेगळा पुरावा म्हणून पाहता येते. स्त्रीच्या हाती जो पैसा येतो त्याला या मराठीत मुख्यतः चार नावे आहेत : मजुरी, कर्ज, मानधन आणि निधी. या चार नावांनी स्त्रीला दिलेली स्थाने एकसारखी नाहीत.

१

प्रथम या साऱ्यांना व्यापणाऱ्या शब्दाचा विचार केला पाहिजे. ‘सबलीकरण’ आणि त्याच्या जागी पुढे अधिक रूढ झालेला ‘सक्षमीकरण’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील च्वि-प्रत्ययाच्या घडणीचे आहेत. पाणिनीने पाचव्या अध्यायात सांगितलेल्या या प्रत्ययाचा अर्थ परंपरेने ‘अभूततद्भाव’ असा केला आहे. म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे. शुक्लीकरण म्हणजे जे पांढरे नव्हते ते पांढरे करणे. त्या न्यायाने सबलीकरणात स्त्री आधी अबल होती, आणि सक्षमीकरणात ती अक्षम होती, हे गृहीत आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत शेत, गोठा आणि चूल सांभाळणाऱ्या स्त्रीच्या ठिकाणी क्षमतेचा अभाव होता काय, की क्षमतेच्या मोलाचा, हा प्रश्न शब्दाच्या घडणीतच मिटविला गेला आहे.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘महिलांचे सक्षमीकरण’ या पदबंधातील षष्ठी ‘मुलांचे खेळणे’ या प्रयोगातील षष्ठीसारखी नाही. ती ‘झाडांची तोड’ यातील षष्ठीसारखी आहे. पहिल्या प्रयोगात मुले कर्ते आहेत, दुसऱ्यात झाडे कर्म आहेत. सक्षमीकरण करणारा कोणी दुसराच असतो आणि पदबंधात तो अनुक्त राहतो. मराठीला याहून वेगळे बोलता येत नाही असे मुळीच नाही. ‘ती आपल्या पायांवर उभी राहिली’ या रूढ वाक्यात क्रिया अकर्मक आहे व स्त्री कर्त्री आहे. शासकीय गद्याने हा मार्ग सोडून इंग्रजी शब्दाची छाया स्वीकारली आणि तिच्याबरोबर वाक्यातील स्त्रीचे स्थानही बदलले.

२

चार नावांपैकी ‘मजुरी’ हे सर्वांत साधे. त्यास ना प्रतिष्ठा, ना अलंकार. परंतु रोजगार हमीच्या १९७७ च्या अधिनियमाने, जो १९७९ साली अमलात आला, या शब्दाला जे बळ दिले ते नंतरच्या कोणत्याही भारदस्त शब्दाला लाभले नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास आकारास आलेल्या या योजनेचा गाभा ‘हमी’ या शब्दात होता. हमी हा देण्याघेण्याच्या आणि कोर्टकचेरीच्या व्यवहारात रुळलेला शब्द आहे. हमी देणारा ती पाळली नाही तर जबाबदार ठरतो. त्याप्रमाणे ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले.

येथील क्रियापद ‘मागणे’ हे आहे आणि त्याची कर्त्री मजूर स्त्री आहे. कायद्याने तिला स्त्री म्हणून संबोधले नाही. ‘प्रौढ व्यक्ती’ म्हटले. तरीही पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर हजेरीपटात स्त्रियांची नावे मोठ्या संख्येने लागली. जिथे स्त्रीच्या नावाने काही केले गेले नाही तिथे ती सर्वाधिक हक्काने उभी राहिली, ही गोष्ट चिंतनीय आहे.

अर्थात या शब्दाचे गुणगान मर्यादेतच केले पाहिजे. मजुरी कामाच्या मापावर ठरे. खोदणारा पुरुष आणि माती वाहणारी स्त्री अशा जोडीच्या कामात स्त्रीच्या श्रमाचे माप वेगळे निघणे कठीण होते. काम मागणे हा हक्क असला तरी काम दगडमातीचे होते, आणि त्यातून कौशल्य वा मालमत्ता तिच्या पदरी पडत नव्हती. तथापि देणाऱ्याची जबाबदारी आणि मागणाऱ्याचा अधिकार ज्यात एकत्र आले, असे हेच एक नाव होय.

३

‘कर्ज’ हे दुसरे नाव बचत गटांबरोबर आले. १९९२ साली नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. पुढे महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने, आणि २०११ पासून ‘उमेद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभियानाने, या गटांचे जाळे वाढविले. शासन, बँक आणि सामाजिक संस्था यांच्या भागीदारीचे हे ठळक उदाहरण म्हणून दाखविले जाते.

भाषिक दृष्ट्या येथे स्त्री पुन्हा कर्त्री होते. कर्ज ‘मिळाले’ म्हणता येते, पण ते ‘घेतले’, ‘उचलले’, ‘फेडले’ अशी क्रियापदे गटाच्या व्यवहारात अपरिहार्य असतात. ठराव होतो, त्याखाली सह्या होतात, वहीत नाव लागते. ज्या स्त्रीचे नाव सात-बाऱ्यावर नाही तिचे नाव कर्जाच्या खात्यावर येणे, ही क्षुल्लक घटना नव्हे. परंतु ज्या नावाने तिला कर्तृत्व दिले त्याच नावाने ओझेही दिले. रक्कम घरातील दुसऱ्याच कामी गेली तरी हप्ता तिचाच राहतो. शिवाय गटाच्या यशाचे प्रमाण म्हणून परतफेडीची टक्केवारी पुढे केली जाते. परतफेडीवरून बँकेचा पैसा सुरक्षित राहिला एवढे सिद्ध होते. स्त्रीचे उत्पन्न वाढले की तिने घासातला घास काढून हप्ता भरला, हे त्यावरून कळत नाही. यशाचे माप कर्ज देणाऱ्याच्या बाजूने घेतले गेले आहे, आणि अहवालांच्या भाषेत ते स्त्रीच्या प्रगतीचे माप म्हणून वावरते.

४

तिसरे नाव ‘मानधन’. या शब्दाचा इतिहास सन्मानाचा आहे. व्याख्यात्याला, लेखकाला, परीक्षकाला त्याच्या नेहमीच्या चरितार्थाबाहेरच्या कामाबद्दल आदरपूर्वक दिलेली रक्कम म्हणजे मानधन. ते उपजीविकेचे साधन नसते, म्हणूनच ते थोडे असले तरी अपमान होत नाही. १९७५ साली एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातील अंगणवाडी सेविकेच्या व मदतनिसाच्या रोजच्या, वर्षानुवर्षांच्या कामाला हाच शब्द लावण्यात आला. तिचे नाव ‘सेविका’. काम म्हणजे सेवा. आणि सेवेचे वेतन नसते, मान असतो. आरोग्यक्षेत्रातील आशा ही ‘स्वयंसेविका’, बचत गटांच्या अभियानातील बँकव्यवहारात साहाय्य करणारी व पशुआरोग्याची कार्यकर्ती अनुक्रमे ‘बँक सखी’ व ‘पशू सखी’. सेविका, स्वयंसेविका, सखी ही सर्व नावे नात्याची वा निष्ठेची आहेत. कर्मचाऱ्याचे एकही नाही.

शब्दाच्या या निवडीचे आर्थिक परिणाम काय होतात हे एका न्यायालयीन प्रकरणात स्पष्ट झाले. गुजरातेतील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनी सेवानिवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी मागितली. त्यांना जे मिळते ते वेतन नव्हे, मानधन आहे, असा त्यांच्याविरुद्धचा एक मुख्य मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो अमान्य केला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी अधिनियमातील वेतनाच्या व्याख्येत हे मानधन बसते आणि या स्त्रिया ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठाने दिला. शब्द ही केवळ पाटी असते, वस्तुस्थिती वेगळी असते, असे म्हणणाऱ्यांनी या प्रकरणाचा विचार करावा. येथे पाटीचाच आधार घेऊन वस्तू नाकारली जात होती, आणि ती मिळविण्यासाठी त्या स्त्रियांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

५

चौथे नाव ‘निधी’, किंबहुना ‘सन्मान निधी’. २०२४ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने एकवीस ते पासष्ट वर्षे वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रीच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा करण्याचे ठरविले. या योजनेचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. पैसा स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येतो, तो फेडावयाचा नसतो, आणि तो कशावर खर्च केला याचा जाब तिला द्यावा लागत नाही. कर्जाच्या तुलनेत हे मोठे सुख आहे.

परंतु योजनेच्या नावाचे व्याकरण वेगळेच काही सांगते. ‘माझी’ हे प्रथमपुरुषी सर्वनाम आहे. बोलणारा आहे भाऊ. जिच्याविषयी बोलले जाते ती बहीण. आणि ‘लाडकी’ हे विशेषण भावाच्या भावनेचे आहे, बहिणीच्या गुणाचे नव्हे. भाऊ जे देतो ती ओवाळणी. ओवाळणीचा आकडा बहीण ठरवीत नाही, आणि ती मिळाली नाही तर दाद मागत नाही. मराठी समाजात बहीण-भावाच्या नात्याला आणखी एक आर्थिक बाजू आहे, ती म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलार्जित जमिनीतील आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून माहेर राखणारी बहीण ही लाडकी. हिस्सा मागणारी नव्हे. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि केंद्राने २००५ साली, मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने सहदायादाचा हक्क दिला. त्या कायद्यांनी जिला वारस म्हटले तिला या योजनेने बहीण म्हटले. दोन्ही शब्द शासनाचेच आहेत, आणि त्यांचे अर्थ परस्परांना छेद देतात.

पात्रतेची वर्गवारीही याच दिशेची आहे. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि कुटुंबातील एक अविवाहित स्त्री. आर्थिक उद्दिष्टाच्या योजनेत स्त्रीची विभागणी व्यवसायाने वा श्रमाने न होता बहुतांशी विवाहाने झाली. १९७७ च्या कायद्यातील ‘प्रौढ व्यक्ती’ आणि २०२४ ची ही यादी शेजारी ठेवल्यास अंतर आपोआप ध्यानात येते.

६

यावरून नात्याचे शब्दच सदोष आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा उद्योग सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जत संस्थेला १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. तेथेही सभासद स्त्री ‘बहेन’च आहे. परंतु ते संबोधन बहिणींनी परस्परांस लावलेले आहे, आणि त्या संस्थेत बहीण म्हणजे नफ्या-तोट्याची सहमालक. शब्द तोच, पण बोलणारा बदलताच दान हिश्श्यात पालटते.

‘भागीदारी’ या शब्दाचेही असेच. व्यापारात भागीदार म्हणजे नफ्यातोट्यात वाटा असलेला. धोरणांच्या मराठीत भागीदार असतात बँका, महामंडळे, आंतरराष्ट्रीय निधिसंस्था आणि स्वयंसेवी संस्था. स्त्री असते ‘लाभार्थी’, आणि तिच्या वाट्याला येतो तो ‘सहभाग’, ज्याचा व्यवहारातील अर्थ बहुधा बैठकीतील उपस्थिती. याला एक चांगला अपवाद महामंडळाच्या परिभाषेतच सापडतो. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने चाललेल्या तेजस्विनी कार्यक्रमात गटांच्या संघांना ‘लोकसंचालित साधन केंद्र’ हे नाव मिळाले. येथे स्त्रिया ‘लोक’ आहेत आणि ‘संचालन’ त्यांचे आहे. हे नाव सर्वत्र सार्थ झाले की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण संचालनाचा दावा सांगण्यास त्याने आधार ठेवला आहे.

७

या चार नावांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की, शब्दाची प्रतिष्ठा जसजशी वाढली तसतशी त्यातील मागण्याची शक्ती घटली. मजुरी मागता येत होती. कर्ज घेता आणि फेडता येते. मानधन स्वीकारावयाचे असते. सन्मान निधी जमा होतो. वाक्यातील स्त्री प्रथमेतून आणि तृतीयेतून हळूहळू चतुर्थीत आली : ‘ती मागते’, ‘तिने घेतले’, ‘तिला देण्यात येते’. रकमा वाढल्या असतील, खाती तिच्या नावावर झाली असतील, आणि त्याचे मोल कमी नाही. परंतु देणाऱ्याची इच्छा बदलली तर काय, या प्रश्नाचे उत्तर चतुर्थीतील स्त्रीजवळ नसते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, भाषा ही धोरणाची छाया आहे, कारण नव्हे. आक्षेप अंशतः खरा आहे. शासननिर्णयातील एक शब्द बदलल्याने कोणाचे उत्पन्न वाढत नाही. तथापि २०२२ च्या निकालाने दाखविल्याप्रमाणे छायेच्या आधारानेही हक्क अडविता येतो. म्हणून मसुदा करणाऱ्याने प्रत्येक योजनेला तीन साधे प्रश्न विचारावे : यातील मुख्य क्रियेचा कर्ता कोण, स्त्रीला ‘मागणे’ हे क्रियापद वापरता येते काय, आणि तिने मागूनही मिळाले नाही तर उत्तरदायी कोण.

भाषेच्या अभ्यासकांसाठी येथे आणखी एक साधन आहे. बचत गटांच्या बैठकींची इतिवृत्ते आणि ठराववह्या गावोगावी पडून आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा गटातील स्त्रियांनी स्वतः लिहिल्या आहेत. शासनाच्या मराठीत स्त्रीचे स्थान काय, ते येथवर पाहिले. स्त्रियांच्या मराठीत शासन कोणत्या विभक्तीत उभे आहे, कर्ज ‘मिळाले’ अशी नोंद होते की ‘घेतले’ अशी, ‘मी’ किती येतो आणि ‘आम्ही’ किती, याची पाहणी त्या वह्यांवरून करता येईल. ती झाल्यावाचून या परीक्षणाची दुसरी बाजू अपुरी राहील.