‘अध्यक्ष’ आणि ‘कार्यकारी’ : जिल्हा परिषद अधिनियमातील दोन संज्ञांचे परीक्षण

शासनव्यवहाराच्या मराठी परिभाषेवर आजवर जी टीका झाली, तिचा रोख बहुतांशी त्या परिभाषेच्या दुर्बोधतेवर राहिला आहे. शब्द संस्कृतप्रचुर आहेत, सामान्य माणसाला ते उमगत नाहीत, हा त्या टीकेचा सारांश होय. ही तक्रार अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु ती प्रश्नाच्या वरवरच्या थराला स्पर्श करते. पदनाम कठीण आहे की सोपे, याहून ते पदनाम अधिकाराची वाटणी कशी करते आणि ती वाटणी वाचकाच्या दृष्टीस पडू देते की नाही, हा विचार अधिक मूलगामी आहे. ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१’ या संहितेतील ‘अध्यक्ष’ आणि ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ ही दोन पदे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत.

‘अध्यक्ष’ या शब्दाचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. ‘अधि’ आणि ‘अक्ष’ यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा जुना अर्थ देखरेख करणारा, कामावर नजर ठेवणारा असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच ‘अध्यक्षप्रचार’ असे असून त्यात सीताध्यक्ष, शुल्काध्यक्ष, सूत्राध्यक्ष, नावध्यक्ष अशा खातेप्रमुखांची कर्तव्ये सांगितली आहेत. हे सर्व नेमलेले, वेतन घेणारे आणि प्रत्यक्ष काम चालविणारे सेवक होते. म्हणजे कौटिल्याचा अध्यक्ष हा आजच्या भाषेत ‘अधिकारी’ होता. अर्वाचीन मराठीत सभा, मंडळे आणि परिषदा यांच्या इंग्रजी पदनामांना प्रतिशब्द हवा झाला, तेव्हा हाच शब्द ‘सभेच्या अग्रस्थानी बसणारा’ या अर्थाने रूढ झाला. देखरेख मागे पडली आणि आसन पुढे आले.

‘कार्यकारी’ या शब्दाची गती नेमकी उलट झाली. मराठी संस्थाजीवनात ‘कार्यकारी मंडळ’ म्हणजे सभासदांनी निवडून दिलेले मंडळ. ग्रंथालयापासून सहकारी सोसायटीपर्यंत हाच प्रयोग आढळतो. जिल्हा परिषदेत मात्र हे विशेषण निवडून आलेल्या प्रमुखाला न लागता राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला लागले. मूळ अधिनियम इंग्रजीत झाला आणि पदनाम तेथून मराठीत आले, हे खरे. भाषा संचालनालयाचा ‘पदनाम कोश’ आणि जिल्हा परिषदा या दोहोंचे वर्ष एकच, १९६२, हा योगायोगही लक्षणीय आहे. परंतु भाषांतराने केवळ नाव आणले नाही. ‘कार्य करणारा कोण’ या प्रश्नाचे उत्तरही त्याबरोबर आले.

हे उत्तर कसे ठरले, याचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ च्या आपल्या अहवालात विकासकार्याचा मुख्य भार गटपातळीवरील समितीकडे दिला होता आणि जिल्हा पातळीवरील परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे ठेवण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात १९६० साली नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने हा आराखडा जसाच्या तसा स्वीकारला नाही. मार्च १९६१ मधील तिच्या अहवालाने जिल्हा हाच कार्यक्षम घटक मानला आणि जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. महसुली सत्तेच्या छायेतून लोकनियुक्त संस्था बाहेर काढण्याचे हे पाऊल निःसंशय धाडसाचे होते. मात्र जिल्हाधिकारी बाहेर गेला तरी त्याच्या दर्जाचा, शासनानेच नेमलेला दुसरा अधिकारी आत आला. अध्यक्ष सदस्यांनी निवडावा आणि कारभाराचे प्रमुखपद शासनाच्या माणसाकडे असावे, ही तडजोड तेथे सिद्ध झाली.

अधिनियमाची कलमे ५४ आणि ९५ शेजारी ठेवून वाचली असता ही तडजोड वाक्यरचनेतच उमटलेली दिसते. कलम ५४ अध्यक्षाचे अधिकार सांगते. त्याने सभा बोलवाव्यात व त्यांचे नियमन करावे, परिषदेचे अभिलेख त्याला पाहता यावेत, आर्थिक व कार्यकारी प्रशासनावर त्याने लक्ष ठेवावे, असा त्याचा आशय आहे. त्यापुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर प्रशासकीय पर्यवेक्षण व नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही अध्यक्षाला दिला आहे. घाईने वाचणाऱ्याला येथे अध्यक्ष हाच कारभाराचा स्वामी आहे असे वाटेल. परंतु या ‘नियंत्रणा’ला एक प्रयोजनवाचक उपवाक्य जोडले आहे : परिषदेच्या व तिच्या समित्यांच्या ठरावांची अंमलबजावणी व्हावी यासाठी. हा ‘यासाठी’ फार महत्त्वाचा आहे. त्याने नियंत्रणाचा विषय अधिकारी न राहता ठराव हा होतो. जेथे ठराव नाही, तेथे नियंत्रणही नाही.

कलम ९५ मधील क्रियापदांची जात निराळी आहे. कर्मचाऱ्यांची कर्तव्ये ठरवून देणे, माहिती व खुलासा मागविणे, रजा मंजूर करणे, कामाबद्दल दरवर्षी गोपनीय अभिप्राय देणे, कागदपत्रे ताब्यात ठेवणे, जिल्हा निधीतून रक्कम काढणे व वाटणे ही सर्व सकर्मक, रोज घडणारी आणि परिणाम करणारी क्रियापदे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या वाट्याला आली आहेत. एका बाजूला ‘पाहणे’ आणि ‘लक्ष ठेवणे’, दुसऱ्या बाजूला ‘ठरविणे’ आणि ‘देणे’, अशी ही विभागणी आहे. आपत्कालीन प्रसंगी एखादे काम हाती घेण्याचा वा थांबविण्याचा आदेश अध्यक्षाला देता येतो. परंतु तो अपवाद आहे, आणि अपवादावरून पदाचे स्वरूप ठरत नसते.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. ठराव हेच अध्यक्षाचे एकमेव साधन असेल, तर ठराव कोण लिहितो हा प्रश्न निर्णायक ठरतो. सामान्य प्रशासनाचा उपमुख्य कार्यकारी अधिकारी हा परिषदेचा पदसिद्ध सचिव असतो. विषयपत्रिका, टिप्पणी आणि इतिवृत्त त्याच्याच कार्यालयात आकार घेतात. ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचे, त्याच्याच हाताखालील लेखणीने नियंत्रणाचे शब्द लिहिले जातात. अध्यक्षाला वाहन मिळते, दालन मिळते, स्वीय सहायक मिळतो. परंतु अंदाजपत्रक वाचून त्यातील विसंगती दाखविणारा लेखाज्ञ, नियमांचा अर्थ सांगणारा विधिज्ञ अथवा तालुकावार आकडे तपासणारा नियोजक त्याच्या पदाला जोडलेला नाही. वर्ग एक व दोनचे अधिकारी राज्यसेवेतील. त्यांची नेमणूक, बदली आणि बढती यांचे सूत्र मंत्रालयात. परिषदेची स्वतःची अशी सेवा मुख्यतः खालच्या वर्गांपुरती.

या उणिवेचा अर्थ नाशिकसारख्या जिल्ह्यात विशेष स्पष्ट होतो. जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०१७ च्या निवडणुकीत परिषदेचे ७३ गट होते. निफाडचा द्राक्षबागायतदार, येवल्या-नांदगावचा अवर्षणग्रस्त शेतकरी आणि पावसाळ्यात चिंब भिजूनही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवणणारी सुरगाणा-पेठची आदिवासी वस्ती, या सर्वांच्या गरजा एका अंदाजपत्रकात तोलायच्या असतात. हा तोल साधणे हे तांत्रिक काम नसून निवडीचे काम आहे आणि निवड करणे हाच लोकनियुक्त प्रमुखाचा खरा धर्म होय. परंतु अध्यक्षाची मुदत अडीच वर्षांची. पद फिरत्या आरक्षणाने येणारे, म्हणून पुष्कळदा प्रथमच निवडून आलेल्या व्यक्तीकडे जाणारे. हे आरक्षण योग्यच आहे. मात्र नव्या व्यक्तीला पद द्यायचे आणि ते पद चालविण्याची साधने द्यायची नाहीत, यात सामाजिक न्यायाचा निम्माच भाग पार पडतो.

तुलनेसाठी अमेरिकेतील कौंटीची व्यवस्था पाहता येईल. मेरिलँड राज्यातील माँटगोमेरी कौंटीत १९४८ च्या सनदेने निर्वाचित मंडळाने व्यवस्थापक नेमावा अशी रीत घातली होती. १९६८ मध्ये तेथील मतदारांनी ती बदलली आणि १९७० साली पहिला ‘कौंटी एक्झिक्युटिव्ह’ थेट मतदानाने निवडला गेला. तेथे ‘कार्यकारी’ ही संज्ञा निर्वाचित व्यक्तीची आहे; त्याच्या हाताखालील मुख्य प्रशासकीय अधिकारी तो स्वतः, मंडळाच्या संमतीने नेमतो. दोन्ही रीतींत भेद असला तरी एक गोष्ट समान आहे : अधिकाऱ्याची नेमणूक जिल्ह्याच्या बाहेरून होत नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेला दोनतृतीयांश मतांनी ठराव करून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला परत पाठविता येते. मात्र त्याला निवडता येत नाही. जिला नकार देता येतो पण निवड करता येत नाही, अशा संस्थेची सत्ता संघर्षातच प्रकट होणार, हे उघड आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अध्यक्षाला अधिक सत्ता दिल्यास बदल्या आणि ठेके यांचा बाजार वाढेल, असे म्हटले जाते. शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या शासननिर्णयानंतर संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या, त्यामागेही ही भीती होती. शिवाय मुंबई व नागपूर येथे १९९८ मध्ये आणलेली महापौर परिषदेची पद्धत वर्षभरातच मागे घेण्यात आली, याचे स्मरणही दिले जाईल. परंतु या आक्षेपात दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. बदलीचा हुकूम काढण्याची सत्ता वेगळी आणि हिशेब विचारण्याची क्षमता वेगळी. पहिली अध्यक्षाकडे असू नये. दुसरी असलीच पाहिजे. किंबहुना दुसरी नसल्यामुळेच पदाधिकाऱ्यांचे लक्ष पहिलीकडे वळते. ज्याला धोरण घडविता येत नाही, तो शिफारशीची चिठ्ठी लिहितो.

मार्च २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि ‘अध्यक्ष’ व ‘कार्यकारी’ यांच्यामध्ये तिसरा शब्द आला : ‘प्रशासक’. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडेच परिषदेचे सर्व अधिकार गेले. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ङ ने पंचायतीची मुदत पाच वर्षे आणि त्याहून अधिक नाही अशी बांधली आहे, व मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असेही सांगितले आहे. तरीही आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि गटरचनेतील फेरबदल यांत निवडणुका रखडल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचे निर्देश दिले, तेव्हा या स्थितीला तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या काळात प्रस्ताव सादर करणारा आणि त्याला मान्यता देणारा एकच होता. ‘सादर’ आणि ‘मंजूर’ या दोन शब्दांमध्ये जी सभा असावयाची, ती नाहीशी झाली. आणि शाळा भरत राहिल्या, वेतने होत राहिली, टँकर फिरत राहिले. या सुरळीतपणातूनच सर्वांत गंभीर प्रश्न उद्भवतो. अध्यक्षावाचून कारभार अडला नाही, कारण कारभार अध्यक्षाच्या हाती कधी पुरता दिलाच नव्हता. अडला तो जाब विचारण्याचा व्यवहार. आणि त्याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही.

मराठीत या पदासाठी जुना शब्द आहे, ‘कारभारी’. पेशवाईत तो मुत्सद्द्याला लागला, घरात तो कर्त्या पुरुषाला लागला. दोन्हीकडे काम चालविणे आणि त्याचा जबाब देणे या गोष्टी त्यात एकत्र नांदल्या. अधिनियमाने त्यांची फारकत केली : चालविणे एकाकडे, जबाब दुसऱ्याकडे. फारकत कायम ठेवावयाची असेल, तर जबाब देणाऱ्याला निदान प्रश्न विचारण्याची साधने दिली पाहिजेत. परिषदेचा सचिव कार्यकारी अधिकाऱ्याच्या अधीन नसावा; अध्यक्षाच्या पदाला लेखा, विधी व नियोजन यांचे जाणकार सेवक जोडलेले असावेत; आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या निवडीत परिषदेचा शब्द असावा. एवढे झाले तर ‘अध्यक्ष’ या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळेल. नजर ठेवणाऱ्याला खुर्ची देऊन भागत नाही. त्याला उजेडही द्यावा लागतो.