मेटॅलिका (ब्लॅक अल्बम)

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल वृंदाची पाचवी दीर्घ ध्वनिमुद्रिका. इलेक्ट्रा या कंपनीने ती अमेरिकेत १२ ऑगस्ट १९९१ रोजी प्रकाशित केली. वृंदाचेच नाव ध्वनिमुद्रिकेलाही दिलेले आहे. परंतु तिचे वेष्टन जवळजवळ संपूर्णपणे काळे असल्याने ‘ब्लॅक अल्बम’ याच नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. वृंदाचे नाव आणि वेटोळे घातलेल्या सर्पाची आकृती या काळ्या पृष्ठावर निरखून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. ध्वनिमुद्रिकेत एकूण १२ गीते असून त्यांचा एकत्रित कालावधी सु. ६२ मिनिटांचा आहे. द्रुत लय व गुंतागुंतीची रचना यांसाठी ख्याती पावलेल्या एका वृंदाने या ध्वनिमुद्रिकेत मंद, भारदस्त आणि सुगम शैलीचा अंगीकार केला. त्यामुळे तिला विलक्षण लोकप्रियता लाभली आणि तितकाच कडवा विरोधही सहन करावा लागला. या संगीतप्रकारातील शैलीपरिवर्तनाचे सर्वांत चर्चित उदाहरण म्हणून तिचा निर्देश केला जातो.

पार्श्वभूमी : मेटॅलिका वृंदाची स्थापना १९८१ मध्ये लॉस अँजेल्स येथे झाली. मूळचा डॅनिश ड्रमवादक लार्स उल्रिक (जन्म १९६३) आणि गायक व गिटारवादक जेम्स हेटफील्ड (जन्म १९६३) हे त्याचे संस्थापक होत. १९८३ मध्ये कर्क हॅमेट (जन्म १९६२) हा प्रमुख गिटारवादक म्हणून वृंदात आला. किल ’एम ऑल (१९८३), राइड द लाइटनिंग (१९८४), मास्टर ऑफ पपेट्स (१९८६) व ...अँड जस्टिस फॉर ऑल (१९८८) या पहिल्या चार ध्वनिमुद्रिकांनी ‘थ्रॅश मेटल’ नावाचा उपप्रकार घडविण्यात मोठा वाटा उचलला. उजव्या तळव्याने तारा दाबून अतिद्रुत लयीत छेडलेले गिटारचे स्वरबंध, दोन बास ड्रमांवरील अखंड आघात आणि एकाच गीतात वारंवार बदलणारे ताल ही या शैलीची प्रमुख लक्षणे होत. विद्युत्‌ गिटारच्या ध्वनीचे हेतुपुरस्सर केलेले विरूपण हे हेवी मेटलच्या सर्वच उपप्रकारांत आढळते.

या विकासक्रमात एक दुःखद खंड पडला. २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमधील बस अपघातात बास गिटारवादक क्लिफ बर्टन (१९६२–८६) मृत्यू पावला. वृंदाच्या संगीतातील सुरेल व विस्तारशील अंगाचे पोषण करणारा तो वादक होता. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड (जन्म १९६३) याची निवड झाली. त्यानंतरच्या ...अँड जस्टिस फॉर ऑल या ध्वनिमुद्रिकेत रचनेची गुंतागुंत पराकोटीस पोहोचली. तीत ९ गीते असून त्यांचा कालावधी सु. ६५ मिनिटांचा आहे. शीर्षकगीत एकटेच जवळजवळ १० मिनिटे चालते. न्यूस्टेडची बास गिटार मिश्रणात इतकी दाबली गेली, की ती ऐकू येणेच कठीण झाले. परिणामी या ध्वनिमुद्रिकेचा नाद कोरडा व कृश वाटतो. दौऱ्यामध्ये अशी प्रदीर्घ गीते वाजविताना श्रोत्यांचे लक्ष ढळते, असे वृंदातील वादकांच्या ध्यानात आले आणि हा मार्ग संपल्याची जाणीव त्यांना झाली, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे.

निर्मिती : यापूर्वीच्या तीन ध्वनिमुद्रिका फ्लेमिंग रासमुसेन या डॅनिश निर्मात्याच्या सहकार्याने झाल्या होत्या. या वेळी वृंदाने बॉब रॉक (जन्म १९५४) या कॅनडियन निर्मात्यास पाचारण केले. मोटली क्रू या वृंदाच्या डॉ. फीलगुड (१९८९) या ध्वनिमुद्रिकेतील ड्रमांचा भरीव नाद उल्रिकला आवडला होता, हे त्याचे कारण होय. लॉस अँजेल्स येथील वन ऑन वन या ध्वनिमुद्रणगृहात ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ या काळात बहुतेक काम झाले. वादक सुटेसुटे ध्वनिमुद्रण करीत ती जुनी पद्धत रॉकने मोडली आणि चौघांनी एकत्र वाजवावे, असा आग्रह धरला. बास गिटारला तिचे स्थान परत मिळाले. हेटफील्डच्या गायनाकडे प्रथमच बारकाईने लक्ष पुरविण्यात आले आणि गीतांचे शब्दही पुनःपुन्हा तपासले गेले. निर्माता व वादक यांच्यात वारंवार खटके उडाले, मिश्रण तीन वेळा करावे लागले, खर्च सु. १० लक्ष डॉलरांवर गेला. या प्रक्रियेचे चित्रण अ यिअर अँड अ हाफ इन द लाइफ ऑफ मेटॅलिका (१९९२) या अनुबोधपटात पहावयास मिळते.

सांगीतिक स्वरूप : या परिवर्तनाचे वर्णन सामान्यतः ‘सुलभीकरण’ या एका शब्दात केले जाते, परंतु ते अपुरे आहे. मुख्य बदल लयीत झाला आणि लय बदलल्यामुळे नादाचे स्वरूपही बदलले. खर्जातील स्वर उमटण्यास व विरण्यास अवकाश लागतो. अतिद्रुत लयीत हे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. म्हणून थ्रॅश शैलीत खर्ज आटोक्यात ठेवून आघाताची धार जपावी लागते. लय मंदावताच खर्जास जागा मिळते, प्रत्येक ठोका स्वतंत्रपणे गाजतो आणि संगीताला वजन प्राप्त होते. वेगाच्या मोबदल्यात भार मिळविणे, असा हा व्यवहार आहे.

‘एन्टर सँडमन’ या पहिल्याच गीतात तो स्पष्ट दिसतो. मिनिटाला सु. १२० ठोक्यांच्या मध्य लयीतील हे गीत हॅमेटने रचलेल्या एका लहान स्वरबंधावर उभे आहे. अशा आवर्तित स्वरबंधास ‘रिफ’ म्हणतात. मूळ स्वर षड्ज मानल्यास या रिफमध्ये कोमल गंधार आणि त्यापाठोपाठ तीव्र व शुद्ध असे दोन्ही मध्यम येतात. षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अस्वस्थ अंतर हे ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश वृंदाच्या १९७० मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून हेवी मेटलचे जणू बोधचिन्हच ठरले आहे. पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांत एकेका गीतात असे अनेक स्वरबंध एकापुढे एक रचले जात. येथे एकच स्वरबंध प्रथम मंदपणे सुचविला जातो, वाद्यागणिक वाढत जातो आणि शेवटी पूर्ण बळाने प्रकट होतो. ‘सॅड बट ट्रू’ या गीतासाठी गिटारी एक पूर्ण स्वर खाली मिळविल्या आहेत. विलंबित लय आणि उतरविलेला षड्ज यांमुळे हे गीत ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत वजनदार गीत ठरले आहे.

‘द अनफरगिव्हन’मध्ये कडवी भारदस्त व ध्रुपद हळुवार अशी योजना आहे. हळुवार कडव्यांनंतर प्रचंड आवाजातील ध्रुपद आणण्याचा रूढ संकेत येथे उलटा केला आहे. ‘व्हेअरेव्हर आय मे रोम’च्या प्रारंभी विद्युत्‌ सितार योजिली आहे. हे वाद्य वस्तुतः गिटारच असून विशिष्ट घोडीमुळे तिच्यातून जवारीसारखी झणझण निघते. येथे तिच्याकडून केवळ नादाचा रंग घेतला आहे. भारतीय रागविचाराशी त्या गीताचा संबंध नाही.

‘नथिंग एल्स मॅटर्स’ हे गीत परिवर्तनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होय. दादऱ्याप्रमाणे तीन-तीनच्या गटांत विभागलेल्या सहा मात्रांचे हे प्रेमगीत गिटारच्या मोकळ्या तारांच्या झंकाराने सुरू होते. त्यातील तंतुवाद्यांची योजना मायकेल केमन या संगीतकाराची आहे. मंद गीते या वृंदाला नवी नव्हती. ‘फेड टू ब्लॅक’ (१९८४) व ‘वन’ (१९८८) या गीतांचा आरंभ असाच शांत आहे. मात्र त्या गीतांत शांत भाग ही पुढील द्रुत उद्रेकाची पूर्वतयारी असते. ‘नथिंग एल्स मॅटर्स’मध्ये तो उद्रेक येतच नाही; संथपणा हेच त्या गीताचे गंतव्य आहे. पूर्वपरंपरेपासूनची खरी फारकत येथे घडते.

गीतांचे आशय : पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांत युद्ध, न्यायव्यवस्थेचा भ्रष्टाचार, व्यसन व सत्ता यांवर भर होता. येथे हेटफील्ड अंतर्मुख झालेला दिसतो. ‘द गॉड दॅट फेल्ड’ या गीतास त्याच्या आईच्या मृत्यूची पार्श्वभूमी आहे. ती ख्रिश्चन सायन्स पंथाची अनुयायी होती आणि श्रद्धेपायी कर्करोगावरील वैद्यकीय उपचार तिने नाकारले होते. लहानपणीचे भय, कुटुंबाने लादलेली घडण, एकाकी भटकंती हे विषय याच आत्मपर वळणाचे द्योतक आहेत. लय मंदावल्याने शब्द ऐकू येऊ लागले आणि शब्द ऐकू येऊ लागल्याने ते अधिक जबाबदारीने लिहावे लागले, असा हा परस्परसंबंध आहे.

स्वीकार व वाद : प्रकाशित होताच ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेतील बिलबोर्ड सूचीत पहिले स्थान पटकावले आणि चार आठवडे ते टिकविले. १९९२ मध्ये तिला मेटल वादनगायनाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. अमेरिकेत तिच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या असून १९९१ पासून तेथे सुरू झालेल्या यांत्रिक विक्रीगणनेच्या काळातील ती सर्वाधिक खपाच्या ध्वनिमुद्रिकांत अग्रभागी आहे. २८ सप्टेंबर १९९१ रोजी, सोव्हिएट संघातील फसलेल्या उठावानंतर महिनाभरानेच, मॉस्कोजवळील टुशिनो विमानतळावर झालेल्या मैफलीत या वृंदाने प्रचंड जनसमुदायापुढे गायन-वादन केले.

जुन्या श्रोत्यांपैकी अनेकांनी मात्र या ध्वनिमुद्रिकेकडे विश्वासघात म्हणून पाहिले. थ्रॅश संगीत आकाशवाणी व चित्रवाणी यांच्या आश्रयाविना, श्रोत्यांनी परस्परांत वाटलेल्या ध्वनिफितींच्या बळावर वाढले होते. दुर्बोधता व वेग ही त्याची संरक्षक तटबंदीच होती. तटबंदीच्या आतील लोकांना ही ध्वनिमुद्रिका म्हणजे आतून उघडलेला दरवाजा वाटली. हा आक्षेप निव्वळ हट्टाचा म्हणून सोडून देता येत नाही. एखादा समाज ज्या कलेच्या आधारे स्वतःची ओळख ठरवितो, ती कला सर्वांची झाली, की त्या समाजाचे काहीतरी निश्चितच हरपते.

मूल्यमापन : कलादृष्ट्या पाहता हानी कोणती झाली, हे नेमकेपणाने सांगता येते. पहिल्या चारही ध्वनिमुद्रिकांत निदान एक वाद्यरचना होती. ‘ओरायन’ (१९८६) ही त्यांपैकी विशेष गाजलेली होय. या ध्वनिमुद्रिकेत एकही नाही. न्यूस्टेडची ‘माय फ्रेंड ऑफ मिझरी’ ही रचना मुळात वाद्यरचना म्हणून योजिलेली होती. तिलाही शब्द जोडून गीताच्या साच्यात बसविण्यात आले. प्रास्ताविक, दोन कडवी, गिटारचा एकल भाग आणि पुनरागमन हा आराखडा पुढे पुढे अपेक्षित वाटू लागतो. ‘डोन्ट ट्रेड ऑन मी’सारखी काही गीते स्वरबंधाच्या पुनरुक्तीपलीकडे फारशी जात नाहीत. ‘होलियर दॅन दाऊ’, ‘थ्रू द नेव्हर’ व ‘द स्ट्रगल विदिन’ यांत जुना वेग डोकावतो. पण तो आता अपवाद म्हणून.

तथापि, साधेपणा हा येथे आळसाचा परिणाम नाही, हेही तितकेच खरे. ...अँड जस्टिस फॉर ऑल या ध्वनिमुद्रिकेचा दोष असा, की तीतील पुष्कळसे स्वरबंध आवश्यकतेपेक्षा सामर्थ्यप्रदर्शनासाठी आलेले आहेत. ब्लॅक अल्बमने गाळणीचे शास्त्र शिकविले. शिवाय वेग हे थ्रॅशचे मूल्य असले, तरी भार हे मेटलचे त्याहून जुने मूल्य आहे. ब्लॅक सॅबथच्या संगीतात तेच प्रधान होते. त्या अर्थाने हा वृंद आपल्या संगीतप्रकाराच्या बाहेर गेला नसून त्याच्या उगमाकडे वळला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. विश्वासघाताचा आरोप जर कोठे लागू पडत असेल, तर तो पुढील लोड (१९९६) व रीलोड (१९९७) या ध्वनिमुद्रिकांना. कारण त्यांत भारही सैल पडला आणि शैलीचा केंद्रबिंदूच हरवला.

प्रभाव : समकालीन वृंदांवर तिचा ठसा लवकरच उमटला. मेगाडेथच्या काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन (१९९२) या ध्वनिमुद्रिकेत आटोपशीर गीतांकडे असाच कल दिसतो. केमनशी जुळलेल्या संबंधाची परिणती १९९९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को सिंफनी या वाद्यवृंदासमवेत झालेल्या मैफलींत व त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत झाली. ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूर येथे झालेला कार्यक्रम हा वृंदाचा भारतातील पहिला कार्यक्रम होय. ध्वनिमुद्रिकेच्या तिसाव्या वर्धापनानिमित्त २०२१ मध्ये विविध संगीतप्रकारांतील कलावंतांनी तिच्यातील गीतांची ५३ नवी रूपे सादर केली. इतक्या भिन्न वळणांच्या गायक-वादकांना ही गीते आपल्या शैलीत उतरविता आली, याचे श्रेय त्यांच्या साध्या बांधणीस द्यावे लागते. ज्या गुणामुळे जुने श्रोते दुरावले, त्याच गुणामुळे ही गीते त्यांच्या मूळ संगीतप्रकाराबाहेरही टिकून राहिली.