जुनीं गिऱ्हाइकें कोठें गेलीं?

फातिह आकिन या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘सोल किचन’ (२००९) या विनोदी चित्रपटास व्हेनिसच्या महोत्सवांत परीक्षकांचें विशेष पारितोषिक मिळालें. प्रेक्षकास प्रसन्न करून घरीं धाडणें, हें त्याचें कार्य तो उत्तम रीतीनें करतो, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती या प्रसन्नतेच्या किंमतीविषयीं.

हांबुर्ग शहराच्या विल्हेल्म्सबुर्ग या कामकरी भागांत, एका जुन्या कोठारांत झिनोस हा ग्रीक वंशाचा तरुण उपाहारगृह चालवितो. कर थकलेला, पाठ धरलेली, प्रेयसी शांघायला गेलेली आणि जागेवर एका सटोडिया शाळासोबत्याचा डोळा, अशी त्याची अवस्था आहे. झिनोसचें काम करणारे व पटकथेंतही सहभागी असलेले आदाम बाउसडूकोस यांनीं हांबुर्गमध्यें स्वतः खाणावळ चालविली होती. त्यामुळें स्वयंपाकघरांतील ओढाताण कोठेंही खोटी वाटत नाहीं.

पुढें शेन हा मानी आचारी येतो. थंडच प्यावयाचें गास्पाचो नांवाचें सार गरम करून मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढें न नमल्यामुळें त्याची आधीची नोकरी गेलेली असते. त्याचे नवे पदार्थ पाहून झिनोसचीं तळलेले मासे व पिझ्झा खाणारीं नेहमींचीं गिऱ्हाइकें उठून जातात. कांहीं दिवसांनीं संगीताच्या नादानें तरुण मंडळी जमते आणि उपाहारगृह भरभराटीस येतें.

येथें आम्हीं अडखळलों. जुनीं माणसें उठवून त्या जागीं नवीं बसविणें, हाच त्या सटोडियाचा डाव. आणि झिनोसच्या टेबलांवरही, हेतु निराळा असला तरी, तेंच घडतें. उलट, जुझो इतामी यांच्या ‘ताम्पोपो’ (१९८५) या जपानी चित्रपटांत एक विधवा शेवयांच्या सूपचें आपलें दुकान सुधारते तें साध्यासुध्या खाणारांसाठींच. तेथें पदार्थ सुधारतो, पंगत तीच राहते.

भावानें जुगारांत घालविलेली जागा झिनोसला लिलावांत परत मिळते, ती पूर्वीच्या प्रेयसीच्या वारशाच्या पैशानें. हा योगायोग सुखान्तिकेस शोभतो. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु उठून गेलेल्या त्या कामकऱ्यांची आठवण लेखकांस अखेरपर्यंत होऊं नये, हें मात्र खटकतें. सर्वांस जेवूं घालण्याचा आव आणणाऱ्या कलाकृतीनें आपल्या दारांतून कोण परत गेलें, याचा हिशेब ठेवावयास हवा होता.