रुक्मिणी आणि पडद्यावरची रुक्मिणी

भातकुलीत बोलायचं म्हणजे आम्हाला घरच्या ओसरीवर बोलल्यासारखं वाटतं. विषय मात्र परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा आहे. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात तिथे दहा खून झाले. दुष्काळाचं साल ते. मारल्या गेल्या त्या बायका आणि लहान मुली, त्यात एक तान्हं लेकरू. सरकार पक्षाचं म्हणणं असं की, गुप्तधन सापडावं आणि रुक्मिणीला मूल व्हावं म्हणून पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकांचं रक्त वाहिलं गेलं. रुक्मिणी ही गावचे पुढारी उत्तमराव बारहाते यांनी ठेवलेली बाई. मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णींनी तपास लावला.

आज रुक्मिणी म्हटलं की लोक म्हणतात, ‘ती अंधश्रद्धेपायी खून करणारी बाई!’ तुमच्यापैकी अनेकांनी 2024 सालची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका पाहिली असेल. आशिष बेंडे यांचं दिग्दर्शन. आम्हीही पाहिली, दोन रात्री जागून. सोनाली कुलकर्णींनी रुक्मिणी जबरदस्त उभी केली आहे, त्याबद्दल वाद नाही. आमचं भांडण नावाशी आहे.

परभणीच्या सत्र न्यायालयानं शिक्षा दिली खरी, पण वरच्या न्यायालयांत रुक्मिणी आणि उत्तमराव दोघंही सुटले. फाशी कायम राहिली ती दुसऱ्याच काही आरोपींची. 1977 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यशवंत चंद्रचूडांनी लिहिलेला आहे, आणि कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. त्याचा गाभा असा: माफीच्या साक्षीदारावर विसंबून शिक्षा देणं बेकायदा नाही, पण गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाचा शब्द इतर पुराव्यानं पक्का झाल्याशिवाय धरू नये, हाच शहाणपणा. आता सांगा, न्यायालयानं जिला सोडलं तिचं खरं नाव घेऊन तिला पडद्यावर खुनी करायचं, हे कोणत्या पुराव्यावर? सुटली म्हणजे निष्पाप ठरली, असं आम्ही म्हणत नाही. सिद्ध झालं नाही, एवढंच म्हणतो. तर्कशास्त्राच्या वर्गात हा फरक शिकवता शिकवता आमचे केस पांढरे झाले.

अमोल पालेकरांनी 1981 साली ‘आक्रित’ काढला, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं. तिथे नावं मुकुटराव आणि रुही. नाव बदललं की लेखकाला मोकळीक मिळते आणि खऱ्या माणसावर आळही येत नाही. चित्रपट संथ आहे, मधेमधे रेंगाळतोही. पण ‘कोणी केलं?’ या कोड्यापेक्षा त्या दोघांमधल्या गरजेवर आणि सत्तेवर त्याचं लक्ष आहे. मालिका पोलिसाच्या खांद्यावरून पाहते. तपास संपला की तिचं कामही संपतं, आणि अंधश्रद्धा एक भयंकर सजावट होऊन उरते.

आणखी एक गोष्ट. रुक्मिणी पारधी समाजातली. इंग्रजांनी 1871 मध्ये जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा शिक्का कागदावरून 1952 साली निघाला. मनातून निघाला का? आपल्या अमरावती जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. चोरी झाली की गाडी आधी कुठे वळते, तेही तुम्ही पाहता. अशा बाईच्या अंगाला ‘अघोरी’ हा शब्द लगेच चिकटतो. पुढाऱ्याच्या अंगाला तो तितका चिकटत नाही. तो फक्त ‘नादी लागलेला’ असतो!

अंधश्रद्धेमुळे खून झाले असं म्हटलं की आम्हाला वाटतं, कारण सापडलं. नाही हो. एक बळी दिला, धन निघालं नाही. तर समजूत खोटी ठरायला हवी. ती ठरत नाही. बळी पुरला नाही, वेळ चुकली, मुंजा अजून उपाशी आहे, अशी उत्तरं आधीच तयार असतात. अशा समजुतीला हरवणारा पुरावा जगात नसतो. मग विचारायचं ते हे की ही उत्तरं तयार करून कोण देतं, आणि ज्यांच्या पोरी गेल्या त्यांच्याकडे पोलीस ठाण्यात इतके महिने कोणी पाहिलं का? गाडगेबाबा कीर्तनात लोकांना असे साधे प्रश्न विचारत. त्यांनी देह ठेवला तो इथून जवळच, वलगावपाशी.

मालिकेत त्या मुलींपैकी एकीचंही नाव तुमच्या ध्यानात राहिलं का? आमच्या नाही राहिलं. रुक्मिणीचं राहिलं. आता तुमचे प्रश्न घेऊ.