गाळलेली दोन वर्षे

दिवाळीच्या रात्री फराळाची ताटे उचलली गेली, की ओसरीवर आजोबांकडे आम्हा मुलांची एकच मागणी असे : उमाजी नाइकाची गोष्ट. परतूर तालुक्यातली आमची आष्टी काळ्या मातीची. पुरंदरचा डोंगर येथून फार दूर. शिवाय 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा, आणि उमाजी झुंजला तो कंपनी सरकारशी. तरीही तो आम्हाला आमचाच वाटे. सत्तेपुढे मान न वाकवणाऱ्या माणसाला मुलखाची शीव आड येत नसावी.

आजोबांचा उमाजी सावकाराला लुटी, गरिबाच्या लेकीचे लग्न लावून देई, शिपायांच्या हाती कधी लागत नसे. आणि शेवटी सापडला तो फितुरीमुळे. पुढे वाचू लागलो तेव्हा इंग्रजांचा रॉबिन हुड भेटला, निमाड-खानदेशाकडचा तंट्या भिल्ल भेटला, आणि मी चमकलो. गोष्ट तीच, डोंगर तेवढे निराळे! हॉब्सबॉम या इतिहासकाराने 1969 साली ‘बँडिट्स’ हे पुस्तक लिहून दाखवून दिले, की देशोदेशींचे लोक आपल्या बंडखोरांना जवळजवळ एकाच रंगात रंगवतात. आजोबा सांगत ते पुष्कळसे असेच ठरीव चित्र होते.

मग खरा उमाजी कोठे शोधावा? गंमत अशी, की त्याचे पहिले चरित्र लिहिले ते त्याच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात उमाजीला फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी मॅकिंटॉशचे पुस्तक मुंबईत छापून निघाले. ते शत्रूचे पुस्तक आहे, हे विसरून चालणार नाही. आपण पकडलेला माणूस मोठा होता, असे वाटण्यात पकडणाऱ्याचाही मोठेपणा असतो. परंतु आजोबांनी जे कधी सांगितले नाही, ते मला तिथे मिळाले.

उमाजी 1791 मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी भिवडीला जन्मला. रामोशी म्हणजे किल्ल्यांचे आणि गावांचे राखणदार. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, गडांवरची शिबंदी मोडली आणि राखणदारांची पोटाची वाट खुंटली. बंडाचे मूळ येथे आहे. कंपनीला उमाजी आवरेना, तेव्हा 1828 च्या सुमारास तिने त्याला माफी दिली, जमीन दिली आणि त्याच मुलखाच्या बंदोबस्ताला चाकरीस ठेवले. सुमारे दोन वर्षे तो सरकारचा माणूस होता. 1830 च्या अखेरीस तो पुन्हा डोंगरात गेला आणि 1831 मध्ये त्याने इंग्रजांविरुद्ध उठण्याचा जाहीरनामा काढला.

दंतकथेने नेमकी हीच दोन वर्षे गाळली. तिचा मला राग येत नाही, कारण तेच पाप मीही केले आहे. मी शिक्षक होतो. एकदा वर्गात उमाजीची गोष्ट सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘सर, तो चोर होता का?’’ मुलगा विमुक्त जातीतला होता. ज्यांच्या कपाळी इंग्रजी कायद्याने जन्मतःच ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला आणि तो कायदा 1952 पर्यंत उठला नाही, त्यांच्या घरातला. मी घाईघाईने म्हणालो, ‘‘छे! तो राजा होता.’’ मुलाचा चेहरा खुलला, आणि मला वाटले, उत्तर बरोबर दिले.

आज तसे वाटत नाही. ज्यांना चोर म्हणून हिणवले गेले, त्यांना निष्कलंक नायक हवासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु निष्कलंक माणसापुढे निवड कसली? तो जन्मतःच राजा. शिक्का मारणाऱ्यांच्या मते तो जन्मतःच चोर. दोघांनीही त्याचा माणूसपणा काढून घेतला. ज्याच्या पदरी जमीन होती, चाकरी होती, माफी होती, असा माणूस हे सारे सोडून पुन्हा दऱ्याखोऱ्यांत गेला. कारण अभिमानाचे असो वा संशयाचे, त्या जाण्याला मोल येते ते त्या दोन वर्षांमुळेच. ती गाळली, की बंड म्हणजे नुसती सवय ठरते.

आपले नायक चरित्रकारांनी फोडावेत, असे मला म्हणायचे नाही. दंतकथेने जे सांभाळले ते सरकारी दफ्तराला सांभाळता आले नसते. आजोबांच्या आवाजातली ऊब मॅकिंटॉशच्या पानांत नाही. एवढेच वाटते, की त्या उबेत ही दोन वर्षेही बसवावीत.

गेल्या दिवाळीत मी तसे करून पाहिले. नातवंडांना उमाजीची चाकरीही सांगितली. पोरे हिरमुसतील अशी भीती होती. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटी नात म्हणाली, ‘‘आबा, सगळं मिळालं होतं, तर मग तो परत का गेला?’’

आजोबांना हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता.